मुलांच्या दुखापती आणि आपले माहितीपत्रक

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात भांडगाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर वधूवर-सूची, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहाची इमारत या विषयांवर पुष्कळ भाषणे झाली आहेत, आणि ती व्हावयासच हवीत. माझा विषय त्यांच्या मानाने लहान आहे. मंडळाच्या नव्या कुटुंब-माहितीपत्रकातील एका प्रश्नाविषयी, केवळ सतराव्या प्रश्नाविषयी, मला आज बोलावयाचे आहे. एका प्रश्नावर हा गृहस्थ अर्धा तास काय बोलणार, असे काही मंडळींच्या मनात आले असेल. तीन महिन्यांपूर्वी माझ्याही मनात तेच आले असते.

मंडळाचे जुने माहितीपत्रक आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, कुलदैवत, शिक्षण, व्यवसाय आणि विवाहयोग्य मुलामुलींची नावे, एवढ्यावर ते संपत असे. यंदा कार्यकारिणीने त्यात आरोग्याचे एक पृष्ठ वाढवावयाचे ठरविले. मी आरोग्य सहायक म्हणून आयुष्यभर गावोगाव हिंडलो असल्यामुळे ते पृष्ठ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. लसीकरण, क्षय, मधुमेह यांविषयीचे प्रश्न मी एका बैठकीत लिहून काढले. सतरावा प्रश्न मुलांच्या दुखापतींचा होता. तो मी असा लिहिला होता: ‘गेल्या एका वर्षात आपल्या कुटुंबातील १४ वर्षांखालील बालकास अपघात झाला आहे काय? असल्यास अपघाताचे स्वरूप, केलेले वैद्यकीय उपचार आणि त्या वेळी बालकाकडे कोणाचे लक्ष होते, हे लिहावे.’

हा प्रश्न वाचून दाखविला तेव्हा कोणीही हरकत घेतली नाही. एका सभासदांनी तर भाषेची वाखाणणी केली, आणि मी ती मुकाट्याने स्वीकारली. खजिनदारांनी मात्र, छपाईचा खर्च वाया जाऊ नये एवढ्याच हेतूने, सुचविले की छापण्यापूर्वी दहा-बारा घरी जाऊन हे पत्रक विचारून पाहावे. भांडगाव हे माझे आजोळ. तेव्हा मी आणि माझी पत्नी, आम्ही दोघे येथे तीन दिवस राहिलो आणि आपल्याच आप्तांच्या बारा घरी बसून ते पत्रक भरून घेतले. त्या बारा घरांत माझ्या सुंदर प्रश्नाची जी दशा झाली, ती आपणापुढे ठेवावी म्हणून मी उभा आहे.

पहिले घर माझ्या मावसबहिणीचे. ती माझ्याहून वडील. मी तिला आक्का म्हणतो. मी प्रश्न वाचला. आक्का म्हणाली, “न्हाई बाबा. देवाच्या दयेनं आमच्यात कुनाला अपघात न्हाई.” मी ‘नाही’ असे लिहिले. इतक्यात तिचा सहा वर्षांचा नातू उंबऱ्याशी येऊन बसला. त्याच्या डाव्या पायाला धडपे गुंडाळले होते. मी विचारले, “आक्का, याच्या पायाला काय झालं?” ती म्हणाली, “त्यो व्हय? त्यो पोळलाय. गुऱ्हाळावर गेला हुता, काकवी सांडली पायाव.” मी म्हणालो, “मग हा अपघात नव्हे काय?” आक्काला माझी कीव आली असावी. “आरं बापू, अपघात रस्त्याव हुतो.”

आणि तिचे बरोबर होते. भांडगाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर वसलेले गाव आहे. येथे अपघात या शब्दाला एकच अर्थ आहे: ट्रक, मोटार, मोटारसायकल, पोलिसांचा पंचनामा. गुऱ्हाळात पोळणे याला येथे पोळणेच म्हणतात, आणि झाडावरून पडणे याला पडणे. त्यांना अपघात म्हणणारा मनुष्य एक तर वर्तमानपत्रात लिहितो किंवा माझ्यासारखा खात्यात नोकरी केलेला असतो. मग मी पत्रक बाजूस ठेवून एकेक गोष्ट निराळी विचारू लागलो. कोणी पडले-झडले काय? भाजले-पोळले काय? कुत्रे चावले काय? ज्या घरासमोर मी ‘नाही’ लिहिले होते त्या एका घरातून वर्षभरातील चार गोष्टी निघाल्या: काकवीने पोळलेला हा पाय, जांभळीवरून पडून नातीचा निखळलेला हात, विंचवाचा दंश आणि विळ्याने कापलेले बोट.

दुसऱ्या दिवशी मी अपघात हा शब्द काढून ‘दुखापत’ घातला. तरुणांना तो क्रिकेटमुळे ठाऊक होता, परंतु वृद्ध स्त्रियांनी त्याचा अर्थ मुका मार असा घेतला. ‘जखम’ म्हटल्यावर रक्त यावयास हवे. मोडलेले हाड त्यात बसेना. ‘लागणे’ हे आपले रोजचे क्रियापद घेऊन पाहिले, तर त्याला सीमाच नाही. ऊन लागते, ठसका लागतो, नजर लागते. एका आजींनी मला नातवाला लागलेल्या नजरेची हकीकत सविस्तर सांगितली आणि ती मी सौजन्याने ऐकली. त्याच आजींनी पुढे, आवाज बारीक करून, “आन् थोरल्याला पान लागलं हुतं” असे सांगितले. शहरात वाढलेल्या ज्ञातिबंधूंसाठी सांगतो की पान लागणे म्हणजे सर्पदंश होणे. दिवेलागणीनंतर सापाचे नाव उच्चारू नये म्हणून आपल्या वाडवडिलांनी ही भाषा केली. ज्या पत्रकात सर्पदंश एवढेच छापले आहे त्यावर या आजींचा थोरला नातू कधीही आला नसता.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आपल्या घरगुती मराठीत या सर्व गोष्टींना मिळून एक शब्द नाही. ग्रंथांत आहे, घरांत नाही. याला उपाय एकच. पडणे, भाजणे, कापणे, बुडणे, चावणे, विजेचा धक्का बसणे, घशात काही अडकणे, फवारणीचे औषध किंवा दुसरे काही विषारी पोटात जाणे, वाहनाची धडक बसणे, हे एकेक करून विचारावयाचे. प्रश्न लांबतो, कागद वाढतो, खजिनदार नाराज होतात. पण मुले सापडतात.

याच प्रश्नातील इतर शब्दही काही निर्दोष निघाले नाहीत. ‘बालक’ म्हणजे अंगणवाडीत जाणारे मूल, अशी सर्वांची समजूत. बारा वर्षांचा मुलगा, जो कडबाकुट्टीच्या यंत्राला वैरण लावतो आणि त्यात ज्याच्या बोटाचे पेर गेले, तो कोणाच्याच लेखी बालक नव्हता. आणि ‘आपल्या कुटुंबातील’ हे शब्द मी एका वृद्ध मामांपुढे वाचले तेव्हा ते खिन्न होऊन म्हणाले, “कुटुंब वारून चार वर्सं झाली.” जुन्या पिढीत कुटुंब म्हणजे पत्नी, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, लिहिताना मात्र मला त्याचे स्मरण राहिले नाही.

प्रश्न लोकांना कसा समजतो हे अगोदर तपासून पाहण्याची ही रीत मी काढलेली नाही, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ आणि पाहणी करणारे संख्याशास्त्रज्ञ यांची या विषयावर एक परिषद झाली, आणि १९८५ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्रात प्रश्नांची परीक्षा घेणारी एक प्रयोगशाळाच उघडण्यात आली. तेथील पद्धत साधी आहे. माणसाला प्रश्न विचारावयाचा आणि त्याने उत्तर दिले की पुन्हा विचारावयाचे: आपणास या प्रश्नाचा अर्थ काय वाटला? हाच प्रश्न आपण आपल्या शब्दांत शेजारणीस कसा विचाराल? हे उत्तर आपण कसे आठविले? आक्काने यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी न विचारताच दिले होते.

आता काळाचा प्रश्न. ‘गेल्या एका वर्षात’ असे मी लिहिले होते. वर्ष कोठून मोजावयाचे? कोणी पाडव्यापासून मोजले, कोणी दिवाळीपासून, कोणी शाळा सुरू झाल्यापासून. तुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे जाते ती याच रस्त्याने, त्यामुळे भांडगावात ‘पालखी गेल्यापासून’ हे मोजमाप सर्वांत पक्के ठरले. कोणती गोष्ट पालखीच्या आधीची आणि कोणती नंतरची, हे लहान मुलेही सांगू शकत होती. यास्तव पत्रक ज्या गावी जाईल त्या गावची जत्रा, पालखी किंवा गळीत हंगाम धरून काळ विचारावा, असे माझे मत झाले आहे.

पण खूण पक्की केली तरी विस्मरण राहतेच. घाना देशात या गोष्टीची परीक्षा झाली असून तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना एका महिन्यातील दुखापती विचारल्या, तेव्हा त्यावरून दर शंभर माणसांमागे वर्षाला २७.६ दुखापती होतात असा हिशोब निघाला. त्याच पाहणीत बारा महिन्यांतील दुखापतींवरून हिशोब केला, तर संख्या ७.६ वर आली. दुखापती घटल्या नव्हत्या, लोक विसरले होते. तथापि ज्या दुखापतींनी माणूस महिनाभराहून अधिक काळ अंथरुणास खिळला किंवा कामास मुकला, त्या मात्र वर्षानंतरही फारशा विसरल्या गेल्या नव्हत्या. मोडलेला हात घर विसरत नाही, फुटलेला गुडघा विसरते.

मग काळ आखूडच ठेवावा, असे वाटेल. त्यातही एक फसगत आहे, आणि ती समजण्यासाठी आपणा शेतकऱ्यांना एक उत्तम दृष्टांत आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. १९११ चा त्यांचा जन्म. पुढे ते जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ झाले. पिकाचा उतारा काढण्यासाठी शेतात एक चौकट आखून तेवढेच पीक कापतात व मोजतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. ही चौकट फार लहान असली तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे सुखात्म्यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले. कारण काय? चौकटीच्या कडेवरचे ताट आत धरावे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. चौकट लहान, तर तिच्या मानाने कड मोठी. स्मरणाचेही असेच आहे. ‘गेल्या महिन्यात’ म्हटले की दीड महिन्यापूर्वीची मोठी गोष्टही आई आत ओढते. तिला वाटते, एवढी मोठी गोष्ट, ती न सांगून कसे चालेल? म्हणून मी आता किरकोळ दुखापतींसाठी एक महिना आणि ज्यांनी मूल जायबंदी झाले त्यांसाठी वर्ष, असे दोन निराळे प्रश्न केले आहेत, आणि महिन्याची कड एखाद्या सणाने किंवा बाजाराच्या दिवसाने बांधली आहे.

दुखापत किती मोठी म्हणजे लिहावयाची? पुष्कळ ठिकाणी ‘एक दिवस तरी शाळा बुडाली’ ही कसोटी लावतात. भांडगावात ती टिकली नाही. निखळलेला हात गळ्यात बांधून आक्काची नात दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली होती, कारण मैत्रिणींना तो दाखवावयाचा होता. उलट एका चिरंजीवांनी खरचटलेल्या गुडघ्यावर दोन दिवस घरी काढले. आणि जे मूल अजून शाळेतच जात नाही त्याचे काय? शेवटी आम्ही विचारू लागलो की दिवसभर मुलाला नेहमीसारखे खेळता, चालता किंवा आपल्या हाताने जेवता आले नाही, असे झाले काय? ‘काम करता आले नाही’ असे मी प्रथम घातले होते, ते काढले. आमचे मूल काम करीत नाही, असे प्रत्येक बाप बाणेदारपणे सांगतो. त्याच बापाला मूल कोठे आणि काय करताना पडले असे विचारले, की गुऱ्हाळावर चिपाडे ओढताना, असे उत्तर येते. ज्याने त्याने याचा विचार करावा.

‘वैद्यकीय उपचार’ या शब्दांनीही असाच घोटाळा केला. हाडवैद्याकडे नेणे हे उपचारांत मोडते की नाही, याविषयी एकाच घरात पिता-पुत्रांचा वाद झाला. तेव्हा ‘कोणाकडे नेले आणि घरी काय लावले’ असे विचारणे बरे. या प्रश्नाच्या उत्तरांत मला भाजलेल्या जागी दात घासण्याची पेस्ट, शाई आणि पीठ लावल्याच्या गोष्टी ऐकावयास मिळाल्या. विषय थोडा सोडून सांगतो: भाजल्याबरोबर ती जागा वीस मिनिटे साध्या थंड वाहत्या पाण्याखाली धरावी, बर्फ किंवा पेस्ट लावू नये, आणि पान लागले असता कोणत्याही देवळाच्या वाटेला न जाता सरळ रुग्णालय गाठावे. तेथे प्रतिविष मिळते, देवळात मिळत नाही. हे मी आजवर शेकडो वेळा सांगितले आहे. आज आणखी एकदा.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, ‘त्या वेळी बालकाकडे कोणाचे लक्ष होते’. याविषयी बोलणे मला सोपे नाही.

हा भाग मी सद्हेतूने लिहिला होता. मूल एकटे होते की कोणी मोठे माणूस जवळ होते, हे कळले तर उपाय सुचेल, असा माझा विचार. पण हा प्रश्न सासू आणि दीर ओसरीवर बसले असता तरुण सुनेस विचारा, आणि तिचा चेहरा पाहा. हा प्रश्न तिला नवा नसतो. मूल पडले त्या दिवशी तो तिला घरातील प्रत्येकाने विचारलेला असतो, आणि विचारणाऱ्या कोणालाही उत्तर नको होते. मी तो वाचला की बायका गप्प होत, आणि त्याहून वाईट म्हणजे आधी सांगितलेली गोष्टही मागे घेत: तसे काही विशेष नव्हते हो, जरासे खरचटले होते. चौथ्या घरापासून माझ्या पत्नीने तो भाग माझ्याकडून काढून घेतला. ती चुलीपाशी बसून, मी ओसरीवर पुरुषांशी बोलत असता, एवढेच विचारी: “त्या वक्ताला तुमचं काय काम चाललं होतं?” कोणी धार काढीत होती, कोणी ओढ्यावर धुणे धूत होती, कोणी उसाच्या लागणीला गेली होती. एकच गोष्ट, पण माझ्या प्रश्नात आरोप होता आणि तिच्या प्रश्नात विचारपूस होती. उत्तरे तिला मिळाली.

सातव्या घरी एका सुनेने मुले किती, या प्रश्नाला दोन असे उत्तर दिले. आम्ही दोघांची माहिती लिहिली, चहा घेतला आणि निघालो. गोठ्याजवळ तिच्या आजेसासूबाईंनी माझ्या पत्नीला थांबवून सांगितले, की एक तिसरे लेकरू होते. तीन वर्षांपूर्वी ते शेततळ्यात बुडाले. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरले की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

माझ्या पत्रकात त्या लेकरासाठी जागा नव्हती. वर्षाच्या मर्यादेत ते बसत नव्हते, ही एक गोष्ट. पण गेल्या महिन्यात बुडाले असते तरी बसले नसते, कारण मी ‘आपल्या कुटुंबातील बालकास’ असे विचारले होते आणि ते आता कुटुंबात नव्हते. ‘कोणते उपचार केले’ असे विचारले होते, आणि उपचारांची वेळच आली नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण असे एक लेकरू आमच्याही घरात होते. माझ्या जन्माच्या अगोदर माझी एक बहीण पाच वर्षांची होऊन आडात पडून वारली. आईने आम्हांस ही गोष्ट उभ्या जन्मात सांगितली नाही. मी चाळिशी उलटल्यावर याच गावात एका मावशीकडून ती ऐकली. आपल्या मंडळाच्या एका जुन्या स्मरणिकेत ज्ञातीतील घराण्यांच्या वंशावळी छापल्या आहेत. त्यांत माझ्या वडिलांच्या नावाखाली दोन पुत्र दाखविले आहेत. ती माहिती मंडळास मीच पुरविली होती, आणि पुरविली त्या वेळी मला बहिणीची गोष्ट ठाऊक होती. मला कोणी विचारले नाही, म्हणून मी लिहिले नाही. आमच्या घरात तेव्हा कोणी पत्रक घेऊन आले असते तर आईनेही नाहीच म्हटले असते.

अशा गोष्टी विचारून काय उपयोग, जखमेवरची खपली कशाला काढावयाची, असे कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी बांगलादेशाच्या उदाहरणाने देतो. तेथे २००३ मध्ये सुमारे १ लाख ७१ हजार घरी जाऊन दुखापतींची पाहणी झाली. तोवर रुग्णालयांच्या नोंदींवरून मुलांच्या मृत्यूंची जी कल्पना होती तीत बुडण्याला फारसे स्थान नव्हते, कारण बुडालेल्या मुलाला रुग्णालयात कोण नेणार? घरोघर विचारल्यावर दिसून आले की वर्षाकाठी सुमारे १७ हजार मुले बुडून मरतात. तान्हेपण ओलांडलेल्या मुलांच्या मृत्यूंचे ते तेथील सर्वांत मोठे कारण निघाले. आणि आणखी एक गोष्ट कळली, की यांतील पुष्कळशी लहान मुले सकाळी, आई घरकामात गुंतलेली असते त्या वेळी, घरापासून थोड्याच अंतरावरील तळ्यात बुडतात. मग तेथे गावोगाव सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात मुलांना सांभाळणारी घरे सुरू करण्यात आली. नऊ ते एक हीच वेळ का, याचे उत्तर आयांनी दिलेल्या उत्तरांत होते. माझ्या पत्नीचा चुलीपाशी बसून विचारलेला प्रश्न तोच होता.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ मध्ये संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जगात दररोज दोन हजारांहून अधिक मुले नकळत झालेल्या दुखापतींनी मरतात असे म्हटले आहे. हा आकडा मोठा आहे खरा, परंतु मोठ्या आकड्यांनी आपल्या गावचे शेततळे कुंपण घातलेले होत नाही. त्यासाठी आपल्या गावचा आकडा लागतो.

असे काम आपल्याच जिल्ह्यात, शेजारच्या शिरूर तालुक्यात, पुष्कळ वर्षे चालू आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य उभे केले. २००२ पासून त्या केंद्राने शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघर फिरून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. एकाच घरी पुन्हा पुन्हा जाण्याचा लाभ असा, की विसरण्याचा अवधी आखूड होतो आणि मागच्या भेटीच्या यादीत असलेले लेकरू या भेटीत दिसले नाही तर ते कोठे गेले हे विचारावेच लागते. आपल्या पत्रकाला तशी यादी नाही. ते पाच वर्षांतून एकदा निघते. तरी निदान प्रश्न तरी असा असावा, की विचारणाऱ्याची मान खाली जाणार नाही आणि सांगणारीचीही नाही.

बारा घरे म्हणजे काही मोठी परीक्षा नव्हे, हे मी जाणतो. भांडगावची भाषा शिरूरकडे तंतोतंत चालेल असेही नाही. परवाच शिरूर तालुक्यातील एका ज्ञातिबंधूंनी माझा सुधारलेला मसुदा वाचून विचारले, की यात बिबट्या कोठे आहे? तिकडे उसाच्या फडात बिबट्याची वस्ती आहे आणि मुलांवर हल्ले झाले आहेत. ‘कुत्रे-मांजर चावले काय’ यात तो कसा बसावा? मी तो घातला. मुंबईच्या सभासदांनी जिना, गच्ची आणि उद्वाहन यांविषयी कळवावे. आणि एक गोष्ट मला खटकते ती सांगून टाकतो. आपले पत्रक फक्त आपल्या ज्ञातीच्या घरी जाणार. ज्या शेततळ्याविषयी मी बोललो त्याच्या बांधावर हंगामात ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या पडतात, आणि त्यांची लेकरे दिवसभर तेथेच खेळतात. कोणत्याही ज्ञातिसंस्थेच्या पत्रकात ती येणार नाहीत. तळ्याला कुंपण घातले तर मात्र त्यांनाही घातले जाईल.

आता सतराव्या प्रश्नाचे काय केले, ते सांगून आपली रजा घेतो. त्याचे आता नऊ लहान प्रश्न झाले आहेत. ‘अपघात’ आणि ‘बालक’ हे दोन्ही शब्द त्यांत नाहीत. ‘घरातील चौदा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी’ असे म्हटले आहे. ‘लक्ष कोणाचे होते’ हा भाग मी स्वतःच्या हाताने खोडला आहे. हे पृष्ठ कुटुंबप्रमुखाने भरावयाचे नसून घरातील आईने किंवा आजीने सांगावयाचे आणि शक्यतो स्त्री स्वयंसेविकेने लिहून घ्यावयाचे आहे. शेवटी, काळाची मर्यादा न घालता, एक ओळ मोकळी ठेविली आहे: ‘या घरचे एखादे लेकरू आज हयात नसेल, तर सांगावेसे वाटल्यास त्याचे नाव.’ सांगावेसे न वाटल्यास पुन्हा विचारू नये, अशी सूचना समासात छापली आहे. माझ्या घरच्या पत्रकात ती ओळ मी भरली आहे.

मसुद्याच्या चाळीस प्रती मंडपाच्या दाराशी मेजावर ठेविल्या आहेत. ज्या भगिनींना आपापल्या गावी चार-पाच घरी तो विचारून पाहावयाचा असेल त्यांनी एकेक प्रत न्यावी, आणि जो शब्द कोणाला कळला नाही त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून पौष महिन्याच्या अखेरीपर्यंत चिटणीसांकडे परत पाठवावी. छपाई तोवर थांबविण्यास खजिनदारांनी संमती दिली आहे.